कार्टूनसारखा दिसणारा गेम स्पर्धेत चालेल का?

प्रश्न बडोद्यातल्याच चार विद्यार्थ्यांचा आहे. थोडक्यात असा: "दादा, आम्ही चौघं मोबाइलसाठी चार विरुद्ध चार असा शूटर, म्हणजे गोळीबाराचा गेम, बनवतोय. मॅप जुन्या शहराचा आहे, चार बाजूंना चार दरवाजे आणि मधोमध मांडवी ही कमानींची जुनी इमारत. आर्ट कार्टूनी ठेवायची असं आमचं ठरत आलंय, लवकर आणि स्वस्तात होईल म्हणून. पण ज्याला दाखवावं तो म्हणतो, हे लहान पोरांचं वाटतं, टूर्नामेंटमध्ये कोण सिरियसली घेणार? रिअलिस्टिककडे वळावं का?"

वळू नका, कार्टूनीच ठेवा. मात्र लोक ज्या कारणासाठी नाकं मुरडतायत ते कारण फारसं खरं नाही, आणि तुम्ही ज्या कारणासाठी कार्टूनी निवडलंय तेही अर्धंच खरं आहे. म्हणून जरा लांबण लावतो. मी बडोद्यात बसून बाहेरच्या स्टुडिओंसाठी कॅरॅक्टर आणि मॅपची आर्ट करतो, शिकलो फाइन आर्ट्सला. त्यामुळे बोलणं अधूनमधून चित्रकलेकडे घसरेल, तेवढं चालवून घ्या.

"लहान पोरांचं" हा मुद्दा आधी निकालात काढू. फोर्टनाइट दिसायला खेळण्यांच्या दुकानासारखा आहे. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या आर्थर ॲश टेनिस स्टेडियममध्ये त्याचा वर्ल्ड कप झाला, एकूण बक्षीस ३ कोटी डॉलर, आणि त्यातले ३० लाख एकट्या १६ वर्षांच्या मुलानं नेले. डोटा २ मधले हीरो पाहा, सगळे अतिशयोक्त, रंगीत. त्याच्या २०२१ च्या मुख्य स्पर्धेची रक्कम ४ कोटी डॉलरच्या वर गेली. निन्टेन्डोचा स्मॅश ब्रदर्स मेली २००१ चा, त्यात मारिओ आणि पिकाचू एकमेकांना बडवतात, आणि तो अजूनही जीव तोडून खेळला जातो. जवळचं उदाहरण हवं असेल तर २०१८ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये ई-स्पोर्ट्स प्रदर्शनीय खेळ म्हणून होते. सहा गेम होते, त्यात खऱ्या जगासारखा दिसणारा म्हणावा असा एकच, फुटबॉलचा. आपल्या भुजच्या तीर्थ मेहतानं कांस्यपदक आणलं ते हार्थस्टोनमध्ये, म्हणजे पऱ्या, राक्षस आणि पत्त्यांच्या खेळात. पदकतालिकेत ते धरलं गेलं नाही, पण पोरखेळ म्हणून कुणी हसलंही नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. आपल्याकडच्या पोरांचे डोळे बीजीएमआय आणि फ्री फायर अशा कमीअधिक रिअलिस्टिक गेमवर तयार झालेत. स्टोअरमधला स्क्रीनशॉट बघून "हे माझ्यासाठी नाही" असं ते क्षणात ठरवतात. पण हा प्रश्न डाउनलोडचा आहे, खेळाच्या दर्जाचा नाही, आणि रिअलिस्टिक होऊन तो सुटतही नाही. त्या रांगेत उभं राहिलात की तुमची तुलना शेकड्यांनी आर्टिस्ट बाळगणाऱ्या कंपन्यांशी होणार. तिथे चौघांचं काम नेहमी "जवळपास चांगलं" दिसतं, आणि जवळपास चांगलं हे वाईटापेक्षा वाईट. वेगळं दिसणं तुम्हाला परवडतं, कमी पडलेलं दिसणं परवडत नाही.

आता खरा मुद्दा. स्पर्धेत खेळणाऱ्याचा डोळा चित्र बघत नसतो. तो एका क्षणात काही ठरावीक प्रश्नांची उत्तरं शोधतो: समोर हललं ते माणूस आहे का, आपला की त्यांचा, कोणत्या प्रकारचा, हातात काय, मला बघितलं का. तुमची आर्ट ही उत्तरं किती लवकर देते, हीच तिची परीक्षा. उत्तरायणाला गच्चीवरून बघा ना, अर्धा काळा अर्धा पांढरा, मध्ये गोल चांद, एवढ्यावर तुम्ही समोरच्या वाडीतला पतंग ओळखता, त्यावर बारीक नक्षी असती तर ती फक्त दुकानात दिसली असती.

हे सगळ्यांत नीट मांडलं ते व्हॉल्व्ह या गेम कंपनीनं, टीम फोर्ट्रेस २ या शूटरच्या वेळी. आणि त्या गेमची गोष्ट तुमच्या प्रश्नाला थेट लागू आहे. १९९९ मध्ये तो लोकांना दाखवला गेला तेव्हा तो खऱ्या सैनिकांचा, खाकी-हिरव्या रंगांतला युद्धाचा गेम होता. ऑक्टोबर २००७ मध्ये बाहेर पडला तेव्हा पार बदललेला: फुगलेले हात, लांबुडके पाय, नऊ पात्रं आणि नऊही लांबून वेगळी. मधल्या काळात त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे अमेरिकन व्यावसायिक चित्रकार अभ्यासले, लायेनडेकर, डीन कॉर्नवेल, नॉर्मन रॉकवेल. २००७ मध्येच त्यांनी या तंत्रावर एक शोधनिबंधही प्रसिद्ध केला. त्यांनी ओळखण्याचा क्रमच ठरवून टाकला होता. आधी रंगावरून टीम, मग सिल्हूटवरून (बाहेरच्या आकारावरून) पात्राचा प्रकार, मग हातातलं शस्त्र. शस्त्राकडे डोळा जावा म्हणून पायांकडे गडद आणि छातीकडे उजळ अशी चढती छटा. बाहेरून काळी रेघ मारण्याऐवजी कडेनं उजेडाची किनार, लायेनडेकरच्या चित्रांत असते तशी. लाल टीमच्या भागात उबदार रंग आणि लाकूड, निळ्या टीमच्या भागात थंड रंग, काँक्रीट आणि पत्रा. खेळाडू मॅपवर कुठेही टाकला तरी आपण कुणाच्या घरात आहोत हे त्याला कळतं. चौघांनी एकत्र बसून तो निबंध वाचाच. गणिताचा भाग प्रोग्रामरवर सोडा.

हे सगळं रिअलिस्टिक गेममध्ये जमणार नाही असं नाही. पण तिथे प्रत्येक गोष्टीला सबब द्यावी लागते. माणसाच्या कडेला उजेड का? मागे सूर्य आहे म्हणून. मग सूर्य नसेल तेव्हा काय? कार्टूनी शैलीत सबब लागत नाही. तिथे तुम्ही उघडपणे खोटं बोलू शकता आणि बघणारा ते आधीच मान्य करून बसलेला असतो. स्पर्धात्मक गेमला कार्टूनी शैली मानवते ती याच सवलतीमुळे.

खेळाडू ही सवलत स्वतःहूनही घेतात. क्वेक ३ या जुन्या शूटरच्या काळात मुरलेले खेळाडू काय करायचे? सेटिंगमध्ये जाऊन भिंतींची टेक्स्चर्स (पृष्ठभागावरची चित्रं) इतकी खाली आणायचे की सगळा मॅप सपाट रंगांचा होऊन जाई, आणि शत्रूचं मॉडेल सक्तीनं एकच, झळझळीत हिरवं करून टाकायचे. आर्टिस्टांनी महिनोन्‌महिने रंगवलेला अंधारी किल्ला त्यांनी अक्षरशः पुसून टाकला. आर्टिस्ट म्हणून वाईट वाटतं, पण त्यातून शिकण्यासारखं आहे. जिंकण्यासाठी जे पुसावं लागतं ते आपण आधीच कमी ठेवायचं. आजही फोर्टनाइटचे वरच्या पातळीवरचे बरेच खेळाडू परफॉर्मन्स मोडवर खेळतात, ज्यात गेम ट्रेलरपेक्षा खूपच साधा दिसतो.

उलट बाजूची अडचणही बघा. कॉल ऑफ ड्यूटी वॉरझोनमध्ये रोझ या पात्राचा एक पूर्ण काळा पोशाख होता. खऱ्या जगात शोभेल असाच, पण अंधाऱ्या कोपऱ्यात ती उभी राहिली की दिसेचना. इतक्या तक्रारी झाल्या की २०२१ मध्ये तो पोशाख उजळ करावा लागला. काउंटर-स्ट्राइकमध्ये २०१९ च्या शेवटी विकतचे एजंट, म्हणजे खेळाडूंनी घ्यायची नवी रूपं, आले तेव्हाही हीच ओरड झाली, काही जण झाडीत आणि सावलीत विरघळून जायचे. पुढे खेळाडूंचा काँट्रास्ट वाढवणारी एक सेटिंग द्यावी लागली. काउंटर-स्ट्राइक रिअलिस्टिक असून दोन दशकं टिकलाय हे खरंच आहे, आणि कुणी ना कुणी तो तुमच्या तोंडावर फेकणारच. पण त्याचे मॅप नीट बघा. डोक्याच्या उंचीवर भिंती बहुतेक ठिकाणी कोऱ्या, फिकट. नक्षी, पाइप, फलक वर नाहीतर खाली. दिसायला तो वास्तववादी, पण मांडणी एखाद्या पोस्टरची.

आपल्या गावात याची दोन उदाहरणं आहेत, तुमच्यातल्या फाइन आर्ट्सवाल्यांनी ती पाहिलीच असतील. लक्ष्मी विलास राजवाड्यातली रविवर्म्याची तैलचित्रं आणि रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्याच्या भिंतींवरची चित्रं. रविवर्मा वास्तववादी, पण त्याच्या पार्श्वभूमीकडे बघा. चेहरा आणि हात उजळ ठेवून बाकीचं तो किती दाबतो. तांबेकर वाड्यात सरळ रेघ आणि सपाट रंग, आणि गर्दीच्या प्रसंगातही माणूस माणसापासून वेगळा दिसतो. दोघंही तुमचा डोळा हाताला धरून नेतात. वाड्यावरच्या चित्रकाराला ते कमी कष्टात साधलं, एवढाच फरक.

आता तुमचा मॅप. लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट, चारही रस्ते मांडवीशी येऊन मिळतात. खेळासाठी कल्पना झकास आहे. पण खरी मांडवी तशीच उतरवलीत तर मेलात. डोक्याच्या उंचीवर तिथे काय काय आहे? फलक, लोंबणाऱ्या वायरी, लावलेल्या स्कूटर, हँगरवरचे ड्रेस, आणि दुकानांबाहेर कपडे घालून उभे केलेले पुतळे. शूटरमध्ये रस्त्याच्या कडेला माणसाच्या आकाराचे पुतळे! पहिल्या मॅचमध्ये लोक हसतील, तिसऱ्या मॅचमध्ये गेम काढून टाकतील. रिअलिस्टिक शैलीत हे सगळं काढलं तर बाजार मेलेला वाटतो, ठेवलं तर शत्रू हरवतो. कार्टूनी शैलीत बाजाराचा भपका पहिल्या मजल्याच्या वर नेता येतो. लाकडी झरोके, रंगीत छत्र्या, मोठाले वेडेवाकडे फलक, सगळं डोक्याच्या वर. खाली ओटे, बंद शटर, एकाच छटेच्या भिंती. गाव ओळखू येतं आणि माणूसही दिसतो.

शिवाय अडचण अशी की चारही रस्ते एकसारखे वाटणार. रीस्पॉन झालेला, म्हणजे मरून परत आलेला खेळाडू मांडवीच्या कमानीखालून बघेल तेव्हा आपण कोणत्या दरवाजाकडे तोंड करून आहोत हे त्याला कळायला हवं. प्रत्येक रस्त्याला आभाळासकट एकेक रंगाची छटा द्या. पश्चिमेला लहरीपुऱ्याकडे उतरतं ऊन, पूर्वेला पाणीगेटकडे सकाळचा निळसरपणा. एकाच वेळी दोन्ही कसं, असं भूगोलाचे सर विचारतील. खेळणारा विचारणार नाही.

टीमचे रंग ठरवताना भगवा विरुद्ध हिरवा ही जोडी चुकूनही नको. याला दोन कारणं आहेत. एक डोळ्याचं: लाल-हिरव्यातला फरक न कळणं हा रंगांधळेपणाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, आणि तो मुख्यतः पुरुषांत असतो. दुसरं कारण जुन्या शहराच्या मॅपवर मी सांगायला नको. नारिंगी आणि निळा घ्या, जोडी जुनी आहे पण खात्रीची. आणि शत्रूच्या कडेचा रंग खेळाडूला बदलता येऊ द्या, व्हॅलोरंटमध्ये लाल, जांभळा, पिवळा असे पर्याय असतात तसे. व्हॅलोरंटचा अभ्यास तुम्ही कराच, कारण तो या वादाच्या बरोबर मध्ये बसतो: प्रमाणं माणसांची, रंग आणि पृष्ठभाग चित्रातले. २०२० मध्ये आला तोच वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या जुन्या कॉम्प्युटरवरही चालेल अशा बेतानं.

इथपर्यंत मी कार्टूनी बाजू घेतली. पण ही शैलीही स्वतःचा गोंधळ घेऊन येते, आणि तो बहुतेक तीन दारांनी येतो.

सर्वांत मोठं दार इफेक्ट्सचं. कार्टूनमध्ये सगळंच उधळता येतं म्हणून लोक सगळंच उधळतात. २०१६ मध्ये बॅटलबॉर्न नावाचा गेम ओव्हरवॉच या गाजलेल्या गेमच्या काही आठवडे आधी आला. तो पडायची कारणं अनेक, पण त्याची लढाई पाहताना मला कोण कुणाला मारतंय हे कळत नसे, इतकी रंगांची उधळण. मार्व्हल रायव्हल्स यशस्वी आहे, तरी सहा-सहा जणांच्या चकमकीत तिथेही हीच कुरकुर ऐकू येते. याउलट स्ट्रीट फायटर ६ बघा. त्यातही रंगाचे फवारे उडतात, पण सर्वांत मोठा फवारा ड्राइव्ह इम्पॅक्ट या एका धोकादायक चालीसाठी राखून ठेवलाय. तो दिसला म्हणजे काय येतंय हे नवख्यालाही कळतं. तुमच्या गेममध्ये सर्वांत उजळ, सर्वांत मोठा इफेक्ट कोणता, हे आजच कागदावर लिहा. ज्यानं जीव जातो तो वर, आणि ज्यानं फक्त शोभा येते तो खाली. मित्राच्या इफेक्टपेक्षा शत्रूचा इफेक्ट नेहमी जास्त ठळक.

दुसरं दार ॲनिमेशनचं. कार्टूनच्या शाळेत शिकवतात की हालचालीआधी तयारी दाखवा: उडी मारण्याआधी वाकणं, मारण्याआधी हात मागे नेणं. फिल्मसाठी बरोबर आहे. पण सेकंदाला ६० फ्रेमच्या गेममध्ये सहा फ्रेमची तयारी म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, आणि टचस्क्रीनची स्वतःची दिरंगाई वेगळीच. खेळाडूला वाटतं बटण चिकटलंय. म्हणून गोळी, उडी, वळणं यांचं उत्तर पहिल्याच फ्रेमला द्या आणि कार्टूनची सगळी मजा नंतरच्या झटक्यात, मागे ढकललं जाण्यात ठेवा. तयारी लांबवायची ती फक्त मोठ्या हल्ल्यांची, कारण ती तयारी समोरच्यासाठी असते. त्याला पळायला वेळ मिळावा म्हणून. २०१४ च्या गिल्टी गिअर झर्डमध्ये एक छान युक्ती आहे. मॉडेल त्रिमितीय असूनही मधल्या फ्रेम गाळून एकेक पोझ मुद्दाम काही फ्रेम धरून ठेवलीय, हातानं काढलेल्या ॲनिमेशनसारखी. पोझ डोळ्यात ठसते, आणि ठसली की समोरच्याला उत्तर देता येतं.

याच दारातून हिटबॉक्सही येतो, म्हणजे गोळी लागली असं गेम जिथे धरतो तो अंगाचा भाग. तुम्ही पाठवलेल्या स्केचमधल्या एका पात्राला मोठी पगडी आहे. सुंदर आहे. पण पगडीत घातलेली गोळी लागणार का? लागली तर त्याला घेऊन कुणी खेळणार नाही, नाही लागली तर मारणारा शिव्या घालेल. माझा नियम साधा आहे. अंगाचा भरीव, गोल भाग म्हणजे हिटबॉक्स, आणि हिटबॉक्सच्या बाहेर जे जाईल ते पातळ, हलणारं, उघड कापडाचं दिसलं पाहिजे. तेव्हा पगडी आटोपशीर करा आणि मागे लांब शेमला सोडा. सिल्हूट तेवढंच वेगळं राहतं आणि वाद मिटतो.

तिसरं दार पैशाचं आहे, स्किनचं, म्हणजे पात्रांच्या विकतच्या पोशाखांचं. टीम फोर्ट्रेस २ नं एवढं नेमकं सिल्हूट उभं केलं आणि २००९ पासून त्यावर टोप्या चढवायला सुरुवात केली. पुढे टोप्या, दाढ्या, लखलखणारे इफेक्ट, आणि मूळची ती स्पष्टता बरीच झिजली. फोर्टनाइटमध्ये सप्टेंबर २०२० मध्ये रंग स्वतः निवडता येतील असे सुपरहीरो पोशाख आले. लोकांनी पूर्ण काळे आणि पूर्ण पांढरे करून घेतले, कारण तसे ते दिसायला अवघड. गेम चालवणाऱ्या एपिक कंपनीला रंगांवर बंधनं आणावी लागली. म्हणून पहिली स्किन विकायच्या आधी ठरवून टाका: छाती आणि खांदे टीमच्या रंगाला राखीव, डोक्याच्या आकाराला हात लावायचा नाही, आणि अंगावरचा सर्वांत गडद व सर्वांत उजळ रंग अमुक मर्यादेतच. टूर्नामेंट मोडमध्ये तर समोरच्याची स्किन मूळ रूपातच दिसावी. हे नियम नंतर लावले की ज्यांनी पैसे मोजलेत ते भांडायला येतात.

आता तुमचं "स्वस्तात होईल". फोनच्या दृष्टीनं बऱ्याच अंशी खरं: टेक्स्चर्स कमी, शेडर (उजेड-सावली रंगवणारे छोटे प्रोग्राम) साधे, फोन कमी तापतो. पण त्यावर अर्धपारदर्शक धूर आणि चमक थरावर थर चढवलीत तर सगळी बचत तिथेच जाते, मोबाइलच्या ग्राफिक्स चिपला तेच सर्वांत जड. माणसाच्या मेहनतीच्या दृष्टीनं मात्र स्वस्त नाही. रिअलिस्टिकसाठी स्कॅन केलेल्या विटा, दगड, दारं तयार मिळतात. कार्टूनी झरोका तुम्हालाच काढावा लागतो, आणि एक जण गोल काढतो, दुसरा टोकदार, की गेम दोन गेमसारखा दिसायला लागतो. आकारांचे नियम एका पानावर लिहून भिंतीला चिकटवा, आणि शेवटचा शब्द चौघांपैकी एकाचाच ठेवा.

तपासायचं कसं तेही सांगतो. मॅचचा स्क्रीनशॉट घ्या, रंग काढून करड्या छटांत बघा. मग तो अंगठ्याच्या नखाएवढा करून बघा. दोन्हीत माणूस पहिल्या नजरेत सापडला नाही तर रंगकाम थांबवा, चूक आकारात किंवा उजेडात आहे. नंतर घरातल्या गेम न खेळणाऱ्या कुणाला तरी तोच स्क्रीनशॉट डोळ्याची उघडझाप होईल इतकाच वेळ दाखवा आणि विचारा, किती माणसं, कोणत्या रंगाची, कुठे. आईनं बरोबर सांगितलं तर गेम वाचता येतोय. आणि हे सगळं स्टुडिओच्या मॉनिटरवर नको. साधा फोन, ब्राइटनेस निम्म्यावर, मे महिन्यात दुपारी गॅलरीत बसून. तुमचा खरा खेळाडू तसाच खेळणार आहे.

पुढचा बिल्ड, म्हणजे गेमची चालती प्रत, पाठवाल तेव्हा टेक्स्चर्स काढून, फक्त करडे ठोकळे आणि दोन टीमचे रंग एवढाच पाठवा. लहरीपुऱ्याच्या दरवाजातून मांडवीखाली उभा असलेला माणूस त्यात मला फोनवर दिसला तर बाकीच्या आर्टवर बोलू.